चित्रात घुसणाऱ्या पोरांची गोष्ट लिहायचीय? मग आधी चित्राकडे नीट बघा

मुलांसाठी फँटसी लिहायला घेतली की ही आयडिया कधी ना कधी सगळ्यांनाच सुचते. दोन भावंडं, एक म्युझियम, एक जगप्रसिद्ध चित्र, चित्र जरा हलल्यासारखं होतं आणि धप्पकन दोघं आत. मलाही सुचली होती. व्हॅन गॉगची 'तारांकित रात्र' घेतली, आत एक दुष्ट जादूगार ठेवला, एक हरवलेली किल्ली ठेवली, बोलणारं मांजर ठेवलं, बघता बघता चाळीसेक पानं झाली आणि मी जाम खूश. नऊ वर्षांच्या भाचीला वाचून दाखवली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, हे नुसत्या जंगलात झालं असतं तरी चाललं असतं ना?"

विषय संपला. चाळीस पानं जागच्या जागी गार.

खाली जे लिहितेय ते त्या एका प्रश्नातून शिकलेलं आहे, पहिल्यांदाच असं काही लिहायला बसणाऱ्यांसाठी, आणि क्रमाने. क्रम मुद्दाम सांगतेय कारण बरेच जण आधी पात्रं ठरवतात, मग खलनायक, मग प्लॉट, आणि चित्र सगळ्यात शेवटी मागे चिकटवतात, मग ते वॉलपेपर होऊन बसतं.

१. एकच चित्र घ्या आणि त्यातली खटकणारी जागा शोधा

दर प्रकरणात नवं चित्र, असला सहलीचा बेत करू नका. मोह होतो, कबूल, पण होतं काय की प्रत्येक चित्रात पोरं पोचतात, तोंडं आ वासून बघतात, कोणीतरी मागे लागतं, पळतात, पुढचं चित्र. तिसऱ्या चित्रापर्यंत ऐकणारं पोर झोपलेलं असतं. पहिल्या गोष्टीला एक चित्र बास, फार तर दोन.

आणि चित्र निवडायचं ते प्रसिद्ध आहे एवढ्यासाठी नाही, त्यात काहीतरी जुळत नाहीये म्हणून. जुळत नाहीये म्हणजे काय ते माझ्या सगळ्यात लाडक्या उदाहरणाने सांगते.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये एक डच चित्र आहे, हेन्ड्रिक व्हॅन अँथोनिसेन या चित्रकाराचं, साधारण १६४१ चं. विषय साधा, स्खेवेनिंगनचा समुद्रकिनारा. १८७३ मध्ये ते म्युझियमला भेट मिळालं आणि तेव्हापासून लोक ते एक बरं निसर्गचित्र म्हणून बघत आले. पण नीट बघितलं तर हवा वाईट दिसते, गार वाऱ्याचा दिवस, आणि तरी किनाऱ्यावर घोळकेच्या घोळके जमलेत, वर टेकाडावरसुद्धा लोक उभे आहेत. कशासाठी? समोर काहीच नाही. नुसती वाळू आणि पाणी.

२०१४ मध्ये या चित्राची साफसफाई चालू होती, जुनं पिवळं वार्निश काढत असताना क्षितिजापाशी एक माणूस उगवला. हवेत उभा. त्याच्या खाली जमीन नाही, होडी नाही, काही नाही. मग त्याच्या शेजारी शिडासारखं काहीतरी दिसायला लागलं. स्काल्पेलने, सॉल्व्हंटने, मायक्रोस्कोपखाली हळूहळू वरचा रंग काढत गेले तेव्हा कळलं की ते शीड नाही, देवमाशाचा पर आहे. किनाऱ्याला लागलेला अख्खा देवमासा कुणीतरी नंतर कधीतरी रंग फासून गायब केला होता, आणि तो हवेतला माणूस देवमाशावर उभा होता.

आता मला सांगा, यात गोष्ट शोधायला लागते का? ती गर्दी कितीतरी वर्षं काहीच न दिसणाऱ्या जागेकडे बघत उभी होती. वरच्या माणसाला आपण अजून देवमाशावर उभे आहोत हे माहितीय का? देवमासा रंगाच्या थराखाली काय करत होता? आणि त्याला लपवला कोणी आणि का, हे कोडं अजून सुटलेलं नाही, म्हणजे ती जागा तुमच्यासाठी मोकळी आहे. तुमची पोरगी किनाऱ्यावर उतरली आणि शेजारच्या बाईला तिने विचारलं "काय बघताय?" आणि बाई म्हणाली "आठवत नाही," की झालं पहिलं प्रकरण.

असे खटके भरपूर सापडतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं यान व्हान आयकचं अर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र घ्या, १४३४ चं. खोलीत नवरा-बायको दोघंच दिसतात पण मागच्या गोल फुगीर आरशात बघा, दारात आणखी दोन माणसं उभी आहेत, म्हणजे साधारण आपण उभे असतो तिथे. आरशाच्या वर भिंतीवर चित्रकाराने लिहून ठेवलंय, यान व्हान आयक इथे होता. ढळढळीत दिवस आणि झुंबरात एकच मेणबत्ती जळतेय. आणि पुढ्यातलं ते केसाळ कुत्रं चित्राच्या आतल्या मूळ रेखाटनात नव्हतंच, नंतर आलंय. कुठून आलं ते कुत्रं? मी तर त्या कुत्र्यालाच हिरो केलं असतं.

किंवा ब्रॉयगलचं 'मुलांचे खेळ', १५६०, व्हिएन्नामध्ये आहे. दोनशेच्या वर पोरं आणि ऐंशीच्या आसपास खेळ एकाच चित्रात, चाक पळवणं, आंधळी कोशिंबीर, उड्या, काय वाट्टेल ते, मोठी माणसं जवळपास नाहीतच, आणि एवढं खेळून कुणाच्याही चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मला तर ते बघून शहारा येतो. खेळ थांबवला तर काय होईल अशी भीती असल्यासारखी खेळतात ती. घ्या, प्लॉट.

खटका शोधायची माझी पद्धत अशी आहे की मोठ्या म्युझियमांच्या साइटवर चित्राचे प्रचंड मोठे फोटो असतात, ते उघडायचं, झूम करायचं, आणि टायमर लावून वीस मिनिटं फक्त बघायचं, दिसेल ते वहीत लिहायचं, तीस गोष्टी झाल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या दहा सगळ्यांनाच दिसतात. पुढच्या दहा लिहिताना कंटाळा येतो. शेवटच्या दहांत माल असतो. चित्राबद्दल वाचायचं ते नंतर, आधी वाचलंत तर तुम्हाला तेच दिसेल जे लेखात लिहिलंय.

२. चित्र बदलून बघा

ही भाचीची टेस्ट. कथासूत्र दोन ओळींत लिहा, मग चित्राचं नाव खोडून दुसरं कुठलंही टाका. गोष्ट तरीही चालत असेल तर ती गोष्ट त्या चित्राची नाहीच. "दोन मुलं 'मोनालिसा'त शिरतात आणि जादूचा हिरा शोधतात" यात मोनालिसा काढून जपानी चित्रकार होकुसाईची लाट टाका, काही फरक पडत नाही, म्हणजे नापास. "एक मुलगी अशा किनाऱ्यावर पोचते जिथे सगळे लोक गायब झालेल्या एका प्राण्याची वाट बघतायत" यात दुसरं चित्र बसवून दाखवा. नाही बसत. पास.

नापास झालात तर पुढे जाऊ नका, परत एक नंबरवर या. कठोर वाटेल, पण चाळीस पानं फेकण्यापेक्षा दोन ओळी फेकलेल्या बऱ्या.

३. दार कुठेय ते ठरवा

बोट लावलं आणि आत गेले, हे आता खूप झालंय, आणि म्युझियममध्ये चित्राला बोट लावायचं नसतं हे पोरांना शाळेच्या सहलीत इतक्यांदा सांगितलेलं असतं की तिथेच कोणीतरी "पण गार्ड?" म्हणतं. दारसुद्धा त्या चित्रातूनच निघालं पाहिजे.

होल्बाइनचं 'राजदूत' हे १५३३ चं चित्र बघा. दोन ऐटबाज पुरुष, मध्ये टेबलावर एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा गोल, वाद्यं, पुस्तकं, आणि खाली जमिनीवर एक तिरकं ताणलेलं राखाडी धूड, समोरून बघितलं तर काय आहे तेच कळत नाही. चित्राच्या कडेला जाऊन, जवळजवळ भिंतीला गाल लावून तिरकं बघितलं की ती कवटी होते. म्हणजे या चित्राला स्वतःचं दार आहे, फक्त ते समोरून उघडत नाही. रांगेला कंटाळून भिंतीला टेकलेल्या पोरालाच ते सापडणार, समोर उभं राहून फोटो काढणाऱ्या मोठ्यांना नाही. मुलांच्या गोष्टीत हे सोनं आहे, कारण मोठे आत का येत नाहीत याचं उत्तर फुकटात मिळालं.

रिकामी चौकट हे पण भारी दार आहे. बोस्टनच्या गार्डनर म्युझियममधून १८ मार्च १९९० ला पोलिसांच्या वेशात आलेल्या दोघांनी १३ कलाकृती पळवल्या, त्या आजतागायत मिळालेल्या नाहीत, आणि रिकाम्या चौकटी अजून तिथेच भिंतीवर आहेत. त्यात रेम्ब्रांटचं गॅलिलीच्या समुद्रातलं वादळ होतं, १६३३ चं, त्याचं समुद्राचं एकमेव चित्र. होडीत १४ जण आहेत, येशू, बारा शिष्य, आणि चौदावा म्हणजे स्वतः रेम्ब्रांट, एका हाताने दोरी आणि एका हाताने टोपी धरून थेट आपल्याकडे बघणारा. चित्र गेलं तेव्हा तोही गेला. चौकटीतून हात घातला तर पाणी लागतं, एवढंच वाक्य लिहून बघा, पुढचं आपोआप सुचतं.

आणि हम्झानामा, म्हणजे हम्झा नावाच्या वीराच्या साहसांच्या गोष्टी! अकबराच्या दरबारात सुमारे पंधरा वर्षं खपून १४०० च्या आसपास चित्रं झाली, कापडावर, चांगली मोठी, राक्षस, अजगर, हेर, किल्ले, सगळा मसाला, आणि पाठीमागे गोष्टीचा मजकूर. आज दोनशेसुद्धा शिल्लक नाहीत. १८८१ मध्ये त्यातली काही काश्मीरमध्ये खिडक्या झाकायला वापरलेली सापडली होती. खिडकीला लावलेलं चित्र! पलीकडे कुठलं दृश्य असेल याचा विचार करा, मी सांगत नाही, ही एक आयडिया मी माझ्यासाठी राखून ठेवलीय.

४. आतले नियम रंग आणि कापडाकडून उसने घ्या

इथे नवे लोक सगळ्यात जास्त घसरतात. जादू आहे ना, मग काहीही होतं, असं धरून चालतात आणि मग गोष्टीत कशाचीच भीती उरत नाही. मुलांना नियम हवे असतात. खेळातसुद्धा सगळ्यात जास्त भांडण नियमांवरूनच होतं ना.

नियम कुठून आणायचे? चित्र कशाचं बनलंय ते बघा. मला हे उशिरा कळलं आणि कळल्यावर काम एकदम सोपं झालं.

तैलचित्र असेल तर तेलाचा रंग हळू वाळतो, दिवसच्या दिवस घेतो, जाड थर असेल तर त्याहून जास्त. म्हणजे चित्राच्या काही भागात जमीन अजून चिकट असू शकते, पाऊल टाकलं की ठसा उमटतो आणि मागे लागणाऱ्याला तो दिसतो. वर वार्निशचा थर असतो, तो काळाने पिवळा-तपकिरी पडतो, म्हणजे आतली हवाच पिवळी. रेम्ब्रांटची 'रात्रपाळी' म्हणून आपण जे १६४२ चं चित्र ओळखतो त्यात रात्र नाहीच मुळी, वार्निश काळवंडलं म्हणून लोकांना ती रात्र वाटली आणि नाव तेच चिकटलं. मग तुमची पोरं आत गेल्यावर तिथली माणसं म्हणतील, रात्र? कसली रात्र? दुपार आहे! आणि जुन्या रंगाला तडे जातात, जवळून बघितलं तर कोरड्या तळ्यासारखं जाळं दिसतं. बाहेरून केसाएवढा तडा, आत गेलात की दरी.

भित्तिचित्र असेल तर खेळ वेगळा. फ्रेस्को पद्धतीत ओल्या गिलाव्यावरच रंगवायचं असतं, म्हणून चित्रकार रोज जेवढं होईल तेवढाच गिलावा लावतो, आणि अशा एकेका दिवसाच्या तुकड्यांचे सांधे जवळून ओळखू येतात. म्हणजे एका भिंतीवर सोमवार शेजारी मंगळवार आहे! सांधा ओलांडला की दुसरा दिवस. अजिंठ्याची चित्रं मात्र अशी नाहीत, तिथे गिलावा वाळल्यावर रंगकाम झालंय, त्यामुळे तिथे धोका पापुद्रे सुटण्याचा. पायाखालचा रंगच निघून आला तर?

लाकडी ठोकळ्यांच्या छापाची मजा अजून वेगळी. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ ची, ते एक चित्र नाहीच, एकाच ठोकळ्यांच्या संचावरून काढलेले कितीतरी छापे आहेत आणि ते जगभरच्या म्युझियमांत पसरलेत. एका शहरातल्या लाटेत उडी मारली आणि दुसऱ्या शहरातल्या लाटेतून बाहेर आलात, असा नियम कुठल्याही तैलचित्राला नाही जमणार. शिवाय ठोकळा झिजत जातो, नंतरच्या छापांत रेषा तुटक होतात. उशिराच्या छापात उतरलात तर होडीचा काठ मध्येच तुटलेला.

भरतकामाला मागची बाजू असते. फ्रान्समधल्या बायोचा तो प्रसिद्ध पट, अकराव्या शतकातला, जवळजवळ ७० मीटर लांब, त्याला टॅपेस्ट्री म्हणतात पण तो विणलेला नसून लोकरीच्या धाग्याने भरलेला आहे. समोर राजे आणि घोडे, मागे गाठी आणि लोंबणारे दोरे. आणि त्याचा शेवटचा भाग हरवलेला आहे. घोड्यावरून पळत पळत तुम्ही शेवटाकडे आलात आणि पुढे कापडच नाही.

नियम तीनच ठेवा. चार झाले की तुम्हीच विसरता, पोरं विसरत नाहीत.

५. भूक, तहान आणि शू

हसू नका. भाचीचा दुसरा प्रश्न हाच होता, "तिला शू लागली तर?" मुलांसाठी लिहिताना हे प्रश्न टाळले की गोष्ट खोटी वाटते. ताटात रंगवलेलं संत्रं खाता येतं का? चव रंगाची की संत्र्याची? पाठ फिरवली की माणूस सपाट दिसतो का? चित्रात न रंगवलेली मागची भिंत आत गेल्यावर असते का? उत्तरं काहीही द्या पण पहिल्या दोन प्रकरणांत द्या आणि नंतर बदलू नका.

मापाचाही विचार करा, कारण फोटोत सगळी चित्रं सारखीच दिसतात. मोनालिसा फक्त ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, तिच्या चौकटीतून सातवीतलं पोर खांदे आवळूनच जाईल. होकुसाईची लाट तर साधारण २५ बाय ३७, तिथून फारतर डोकं आणि एक हात. वेलास्केझचं 'लास मेनिनास' उलट तीन मीटरहून उंच, त्यात सरळ चालत जा. चिंगमिंग सणाच्या नदीकाठाचा तो चिनी पट पाच मीटरच्या वर लांब आहे पण उंची पंचवीस सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि तो उजवीकडून डावीकडे उलगडत बघायचा असतो. म्हणजे गोष्टसुद्धा त्याच दिशेने पळणार, आणि जो भाग अजून उलगडलेला नाही तिथे काय आहे ते कोणालाच माहीत नाही. मधोमध कमानीच्या पुलाखाली एक मोठी होडी अडकायच्या बेतात आहे, डोलकाठी वेळेत खाली घेतली नाहीये, पुलावरचे लोक ओरडतायत, दोर टाकतायत. तुमच्या पोरांना तिथे सोडा आणि बघा.

६. कोण आत जातंय

इथे फार वेळ नका घालवू. एक पोर, त्याला एक अडचण, आणि ती अडचण चित्रातल्या खटक्याशी जोडलेली. देवमाशाच्या गोष्टीत जाणारी मुलगी अशी हवी की जिच्या घरात कुठल्यातरी गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, रंग फासून टाकलाय. बास. तिचे केस कसे, डोळे कसे, यावर पान खर्च करू नका. दोन पोरं असतील तर एक नियम पाळणारं आणि एक मोडणारं ठेवा, संवाद आपोआप पळतात.

७. खलनायक बाहेरून आणू नका

काळा झगा घातलेला जादूगार कशाला हवाय, चित्रांना खरे शत्रू काय कमी आहेत? ऊन रंग खातं. व्हॅन गॉगच्या 'बेडरूम'च्या भिंती आज निळ्या दिसतात पण त्या मूळच्या जांभळट होत्या, त्यातला लाल रंग उडून गेला. त्याने त्या खोलीची तीन चित्रं केली होती, १८८८ आणि ८९ मध्ये, आज एक ॲमस्टरडॅमला, एक शिकागोला, एक पॅरिसला. एकाच खोलीच्या तीन खोल्या, आणि तिन्हींतून लाल रंग चोरणारा कोणीतरी. दिसत नाही, फक्त दुपारी येतो.

लाकडी फळीवरच्या चित्रांना लाकूड पोखरणारे किडे लागतात, आतल्या माणसांसाठी ते बोगदे खणणारे राक्षसच की. कात्री हाही खलनायक आहे. 'रात्रपाळी' १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये नेली, भिंतीवर मावेना म्हणून चारी बाजूंनी कापली. डावीकडची दोन माणसं आणि एक मुलगा गेले ते गेलेच, कापलेले तुकडे परत कधी सापडले नाहीत. ते तिघं होते हे आपल्याला कळतं फक्त कोणीतरी आधी काढून ठेवलेल्या छोट्या नकलेमुळे. त्या मुलाला शोधायला जाणं, ही अख्खी कादंबरी आहे हो.

आणि मदतीला जादूगार हवाच असेल तर चित्रं दुरुस्त करणारे लोक बघा. डोळ्याला भिंग, हातात कापसाचा बोळा, दिवसभरात नखाएवढी जागा साफ करतात. आतून बघितलं तर आभाळातून एक प्रचंड पांढरा ढग उतरतो, घासतो, आणि मागे निळं आकाश ठेवून जातो.

८. माहिती पाजू नका

"अरे वा ताई, हे तर रेम्ब्रांटने १६४२ मध्ये काढलेलं तैलचित्र आहे!" असं कुठलंही पोर आजवर बोललेलं नाही. पण पहिल्या मसुद्यात हे वाक्य येतंच, माझ्याही आलं होतं, कारण आपण एवढं वाचलेलं असतं की ते कुठेतरी ओतायचं असतं. पालक खूश होतील असंही मनात असतं. पालक ऐकत नाहीयेत, पोर ऐकतंय.

माहिती पात्राच्या अंगावर घाला. त्याच 'रात्रपाळी'त मध्यावर डावीकडे उजेडात एक सोनेरी कपड्यातली पोरगी आहे, तिच्या पट्ट्याला कोंबडी लटकतेय. हे असं लिहिता येतं:

कोंबडी उलटी होती. मेलेली. नख्या पसरलेल्या.
"ही कशाला?" धाकटीने विचारलं.
"मला काय माहीत," सोनेरी पोरगी म्हणाली. "त्याने लटकवली आणि म्हणाला हलू नकोस."
"कधी?"
पोरगी विचारात पडली. "तू आता आलीस त्याच्या जरा आधी."

साल नाही, चित्रकाराचं नाव नाही, तरी चित्र ठसलं. ज्याला हवं ते पोर नंतर स्वतः शोधेल. अगदीच राहवत नसेल तर पुस्तकाच्या शेवटी एक पान जोडा, पण गोष्टीत नको.

वास आणि आवाज मात्र सढळ हाताने घाला, कारण चित्रात तेवढंच नसतं आणि तेवढंच तुमचं स्वतःचं असतं. जवसाच्या तेलाचा वास, ओल्या चुन्याचा वास. हेन्री रूसो आयुष्यात कधी फ्रान्सबाहेर गेला नाही, त्याची जंगलं पॅरिसच्या वनस्पती उद्यानातली झाडं बघून केलेली आहेत, म्हणजे त्याच्या १८९१ च्या वादळातल्या वाघाच्या जंगलात शिरलात तर ओल्या कुंड्यांचा वास यायला हवा आणि दुरून काचघराचं दार लागल्याचा आवाज. असा एक तपशील दहा वर्णनांना भारी पडतो.

९. दोन कटकटीच्या गोष्टी

पहिली, हक्क. जुन्या चित्रकारांची काळजी नाही, पण विसाव्या शतकात आलात की बघा. भारतात कलाकार गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात, युरोपात बहुतेक ठिकाणी सत्तर. पिकासो १९७३ ला गेला, दाली १९८९ ला, म्हणजे त्यांची चित्रं अजून हक्कांत आहेत. गोष्टीत चित्राचं वर्णन करणं वेगळं आणि कव्हरवर ते छापणं वेगळं, छापायचं असेल तर परवानगी लागते. जुन्या चित्रांचे फोटो न्यूयॉर्कचं मेट म्युझियम किंवा ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम मोफत वापरायला देतात, म्हणून नवख्यांनी सुरुवात तिथल्या चित्रांपासून केलेली सोयीची.

दुसरी, सगळी चित्रं मुलांच्या कामाची नाहीत. बॉश या जुन्या चित्रकाराच्या राक्षसांचा मोह होतो पण पूर्ण चित्र एकदा कोपऱ्याकोपऱ्यातून बघून घ्या आणि मग ठरवा, कारण पोर ते चित्र नंतर झूम करून बघणारच आहे. आणि कुणाच्या पूजेतली, श्रद्धेतली प्रतिमा असेल तर तिच्याकडून कोलांट्या मारून घेऊ नका, तिच्या आजूबाजूचा एखादा कोपरा घ्या, तिथेही भरपूर असतं.

१०. बाहेर काढताना चित्रात काहीतरी बदललेलं ठेवा

"आणि ते सगळं स्वप्न होतं" असं लिहिलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. पोरं बाहेर आली की चित्रात एक बारीक फरक राहिला पाहिजे, आणि तो फरक खऱ्या चित्रात आत्ता खरोखर दिसणारा हवा. ही खरी ट्रिक. पुस्तक मिटल्यावर पोर चित्र शोधतं आणि तो फरक तिथे असतो! अर्नोल्फिनीच्या आरशातली दारातली दोन माणसं म्हणजे तुमची दोन पात्रं, असा शेवट केलात तर ते पोर आयुष्यभर त्या आरशात बघत राहणार. देवमाशाच्या गोष्टीत तर काम फारच सोपं, मुलगी आत जाते तेव्हा किनारा रिकामा, बाहेर येते तेव्हा देवमासा पडलेला, आणि म्युझियममध्ये आज तो आहेच.

म्हणून शेवट आधी ठरवा, मग मधलं लिहा. आठ ते दहा वयाला वाचून दाखवायचं असेल तर एक प्रकरण दहा-बारा मिनिटांत संपेल एवढंच ठेवा, आणि प्रकरण दाराशी संपवा, खोलीत नाही.

मसुदा झाला की एखाद्या खऱ्या पोराला मोठ्याने वाचून दाखवा, हातात पेन्सिल ठेवा, ते जिथे चुळबुळ करेल तिथे समासात रेघ मारा, प्रश्न विचारेल तिथे फुली. आवडलं का, असं विचारू नका, ते हो म्हणतं. देवमाशाची गोष्ट मी भाचीला अशीच वाचून दाखवली, सात रेघा आणि एकोणीस फुल्या पडल्या. शेवटी तिला मोबाइलवर ते चित्र दाखवलं तर तिने दोन बोटांनी देवमासा मोठा केला, मग त्याच्या वरचा माणूस, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, पण हा आता खाली कसा उतरणार?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अकरावं प्रकरण लिहायला घेतलंय.